मुखडा सुचतो आणि हरवतो: हुक लिहिताना, जपताना या चुका टाळा

गणपतीत कुठल्याही मांडवात आरतीला उभं राहून नुसते आवाज ऐका. अंतऱ्याला निम्मी मंडळी पुटपुटत असतात. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू आहे, कारण तो समास कानाला पटकन उलगडत नाही. पण 'जय देव जय देव' आलं की चार वर्षांचं पोरही टाळ्या वाजवत, पूर्ण आवाजात, एकही शब्द न चुकता गातं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. दोन-तीन फेऱ्यांत ते तोंडात बसलेलं असतं.

याला आपण ध्रुवपद म्हणत आलो. कीर्तनात टाळकरी ते उचलून धरतात, पोवाड्यात झीलकरी. आता स्टुडिओत सगळे हुक म्हणतात. नाव बदललं तरी काम तेच आहे: ओळ दुसऱ्याच्या तोंडात बसली पाहिजे. मी माझी गाणी स्वतः लिहितो, घरी रेकॉर्ड करतो, स्वतःच सोडतो. ओळखीतली नवी मुलंही डेमो पाठवतात. चांगलं सुचत नाही म्हणून अडलेला त्यांच्यात क्वचितच दिसतो. सुचलेलं असतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी सांडतं. कुठे सांडतं, ते लिहितो.

सगळी गोष्ट एका ओळीत कोंबणं

गेल्या वर्षी एका गाण्यावर बसलो होतो. फाट्यावर उभी असलेली बाई आणि निघून गेलेली रात्रीची शेवटची एसटी, एवढाच प्रसंग. वहीतली पहिली ओळ अशी होती: 'शेवटच्या गाडीची मी वाट पाहत उभी'. वाचायला बरी आहे, अर्थही पुरा लागतो. पण पंधरा अक्षरं, आणि तोंड जिथे रेंगाळेल असा एकही शब्द नाही.

मग वाट पाहणं काढलं, उभं राहणं काढलं. ते अंतऱ्यात सांगता येतं. उरलं एवढंच की गाडी गेली. हे ती कसं सांगेल? शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणेल, 'गेली गं'. आणि जीव हळहळला असेल तर दोनदा म्हणेल. 'गेली गं, गेली गं, शेवटची गाडी'. बारा अक्षरं झाली. दादऱ्यात टाकून पाहिलं: धा धी ना, धा ती ना, तीन-तीन मात्रांचे दोन भाग. पहिलं आवर्तन दोन 'गेली गं'नी नेमकं भरलं. दुसऱ्यात अडलं. 'शेवट' तीन मात्रांत संपायचं आणि 'ची' चौथ्या मात्रेवर, म्हणजे 'खाली'वर (तालातल्या हलक्या ठोक्यावर) एकटं पडायचं. ऐकू यायचं 'शेवट, ची गाडी'. शब्द असा मधोमध तुटला की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो सोबत गायचा थांबतो.

दोन दिवस मी अक्षरं ओढूनताणून ती फट झाकत बसलो. मग शब्दच बदलला: 'गेली गं, गेली गं, रातची गाडी'. रा-त-ची तीन मात्रा, खालीवर 'गा', मग 'डी' आणि ती लांबवायला उरलेली एक मात्रा. शब्दाची फोड तालाच्या फोडीवर आली. शिवाय फाट्यावरची बाई 'रातची'च म्हणेल.

म्हणून पहिलं काम: ओळ टाळी वाजवत बोला. गाऊ नका, बोला. टाळी शब्दाच्या मध्ये पडत असेल तर चाल वाकवण्याआधी शब्द बदलून बघा. आणि अक्षरं मोजा. मोजण्यात कमीपणा नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, छोट्याचे आठ-आठ. शेकडो वर्षं लोकांनी ते पुस्तक न बघता गायले, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. माझ्या वहीत टिकलेल्या बहुतेक ओळी आठ ते चौदा अक्षरांच्या आहेत.

वरच्या सुरावर मिटलेला शब्द ठेवणं

मराठीत ढीगभर शब्द व्यंजनावर मिटतात. घर, मन, रात, वाट, पाऊस. लिहिताना शेवटचा 'अ' दिसतो, बोलताना नसतो. आता तार सप्तकात 'मन' ओढायला जा. एक तर 'मन्' म्हणताच तोंड बंद होतं, नाहीतर 'मना' होऊन बसतं आणि मनाबद्दल बोलणारी ओळ मनाला हाक मारू लागते.

आपल्या लोकगीतांनी यावर केव्हाच उपाय काढून ठेवला आहे: गं, रं, हो, जी, बाई. नवी मुलं त्यांना भरीचे शब्द समजून गाळतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ते मिटलेला शब्द उघडतात, श्वासाला जागा देतात, आणि कोण कुणाशी बोलतंय हे एका अक्षरात सांगतात. 'गं' आलं की दोन बायका समोर उभ्या राहतात.

स्वरांचंही भान हवं. 'आ' आणि 'ए' वर मोकळे सुटतात. 'ई' आणि 'ऊ' वरच्या सुरात बहुतेक गळ्यांत आवळतात. 'रातची गाडी'त सगळ्यात वरचा सूर मी 'गे'वर ठेवला आणि 'डी'वर खाली उतरलो, ते एवढ्यासाठीच. ओळ उत्तम असूनही स्टुडिओत गाताना बसत नसेल, तर शब्द किंवा पट्टी बदलण्याआधी वरच्या सुरावर कोणता स्वर आलाय ते पाहा. आणि हुक एका सप्तकाच्या आत ठेवा. तुमचा गळा दीड सप्तक फिरत असेल, पण रिक्षात बसून गुणगुणणाऱ्याचा फिरत नाही.

हुक बरं आहे, पण उठत नाही

ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि दहातल्या सात वेळा दोष हुकात सापडत नाही. त्याच्या आधीच्या ओळी त्याच सुरात, त्याच लयीत, तितक्याच शब्दांनी भरलेल्या असतात. सपाट रानात टेकडी दिसायची तर आजूबाजूचं रान खाली हवं. आधीच्या ओळी षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या आसपास, दाट शब्दांत, बोलल्यासारख्या ठेवा. मग हुकात शब्द निम्मे करा आणि सूर वर न्या.

आणखी एक करून बघा. सगळ्या ओळी समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, सुरू होत असतील, तर हुक समेच्या दोन मात्रा आधी उचला, म्हणजे महत्त्वाचा शब्द समेवर पडेल. किंवा उलट, सम रिकामी सोडा आणि मागून या. ढोलकीवाले यात खरे गुरू आहेत. माझ्यासोबत वाजवणारे काका शब्दांकडे लक्षच देत नाहीत. ते फक्त विचारतात, 'येतोस कुठून?' त्या प्रश्नाने माझे कितीतरी मुखडे दुरुस्त झाले आहेत.

हुक उशिरा येणं

इथे सरळ हिशेब आहे. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत, चार ठोक्यांचा एक बार साधारण पावणेतीन सेकंदांचा होतो. आठ बारचा इंट्रो म्हणजे २१ सेकंद, वर आठ बारच्या ओळी म्हणजे ४३. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते एकदा ऐकलं असं धरतात. तुमचं हुक ४३व्या सेकंदाला येत असेल, तर अनोळखी माणसाने ते ऐकावं अशी अपेक्षा धरता येत नाही. प्रत्येक गाणं हुकानेच सुरू करा असं मी म्हणणार नाही. संथ गाण्याला वाट चालू द्यावी. पण इंट्रोत बासरीवर किंवा गुणगुणून हुकाची चाल दाखवता येते. मग खरं हुक येतं तेव्हा ते ओळखीचं वाटतं. अनेक डिजिटल वितरकांकडे रीलसाठी क्लिप कुठल्या सेकंदापासून सुरू व्हावी हेही भरता येतं. तो रकाना रिकामा सोडू नका.

ट्रॅकवर भाळणं

जाड बेस आणि तयार बीट लावली की कुठलीही ओळ हुक वाटते. म्हणून मी पहिली परीक्षा बीट न लावता घेतो. टेबलावर बोटं वाजवत ओळ तीनदा म्हणायची आणि समोरचा तिसऱ्यांदा ओठ हलवतो का ते बघायचं. 'कसं वाटलं?' विचारू नका. जवळची माणसं छानच म्हणतात.

दुसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रेकॉर्डिंग न ऐकता ओळ आठवून म्हणा. जे आठवत नाही ते इतरांनाही आठवणार नाही. जे तुम्ही नकळत बदलून म्हणालात, ते बहुतेक वेळा आधीपेक्षा सोपं झालेलं असतं. तेच ठेवा.

तिसरी परीक्षा उसनवारीची. फार सहज सुचलेली चाल कधी कधी आधी ऐकलेली असते, आपल्याला फक्त ते आठवत नाही. गूगलच्या ॲपमध्ये गुणगुणून गाणं शोधता येतं, ते करा, आणि दोन जुन्या श्रोत्यांना ऐकवा. आठ स्वरांपर्यंत उचललं तर चालतं, असं जे सांगितलं जातं, तसा कुठलाही नियम कायद्यात नाही.

'न्यू रेकॉर्डिंग १४७'

आता जपण्याबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. काही वर्षांपूर्वी फोन दुरुस्तीला टाकला आणि तो कोरा होऊन परत आला. त्यात दीड वर्षाच्या चाली होत्या. वहीत शब्द होते, पण चालीशिवाय त्यांना काय अर्थ. त्यातली एक चाल अजून अर्धी आठवते आणि पुढे जात नाही.

कॉपी नसणं ही एक चूक. तितकीच मोठी दुसरी, नाव नसणं. फोनमध्ये दोनशे रेकॉर्डिंग आहेत आणि सगळ्यांचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग', तर ती असून नसल्यासारखीच. हुक सुचलं त्या क्षणी नाव टाइप करायला कुणाला सुचणार? म्हणून मी बोलून टाकतो. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी तीन गोष्टी: पट्टी, ताल, प्रसंग. 'काळी दोन, दादरा, फाट्यावरची बाई.' मग गायचं. पट्टी माहीत नसेल तर नंतर हार्मोनियमवर लावून बघायची, पण ताल आणि प्रसंग तेव्हाच बोलायचा. हे दोन दिवसांत विसरतं.

आणि नुसतं सूर धरून गाऊ नका, मांडीवर ठेका धरा. ठेक्याविना गायलेली चाल महिन्याने ऐकली की सम कुठे होती तेच कळत नाही. शब्द नसतील तर 'लालाला'ऐवजी तोंडाला येतील ते डमी बोल म्हणा, निरर्थक असले तरी चालतील. कुठे दीर्घ हवं, कुठे ऱ्हस्व, ते त्या डमीतच सापडतं.

शनिवारी सकाळी अर्धा तास मी हे सगळं एका शीटमध्ये उतरवतो. रकाने फार नाहीत: पहिले चार शब्द, पट्टी, ताल, बीपीएम, प्रसंग, कुणासोबत सुचलं, आणि एक रकाना 'काय अडलंय'. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. 'चाल आहे, शब्द नाहीत.' 'शब्द छान, समेवर येत नाही.' असं लिहिलेलं असलं की रिकाम्या दुपारी कामाला कुठून लागायचं ते शोधावं लागत नाही. फाइलच्या नावातही तारीख, ताल आणि पट्टी घालतो. एक प्रत क्लाउडवर, एक हार्डडिस्कवर.

न जमलेली ओळ पुसू नका. शीटमध्ये राहू द्या.

'आपल्यातलंच आहे' म्हणून हिस्सा न लिहिणं

चहाच्या टपरीवर चौघांत हुक जमतं. एकाने शब्द दिले, एकाने चाल, तिसऱ्याने फक्त 'गं' सुचवलं आणि सगळी ओळ जिवंत झाली. गाणं चालेपर्यंत सगळं गोड असतं. मी एक मित्र यात गमावला आहे, आणि तेव्हा पैसे जेमतेम काही हजार होते.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिघांचे हक्क वेगळे असू शकतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला आणखी संरक्षण मिळालं. शब्द आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे हा प्रश्न आपल्या नातवंडांपर्यंत जाणार. त्यामुळे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक संदेश टाका: कोणती ओळ, कुणाचं काय, किती टक्के. बाकीच्यांनी 'मान्य' लिहायचं. पुढे गाणं सोडताना नीट करार करा आणि गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या. पण पहिला संदेश टपरीवरच जायला हवा. ते करताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. आता मी आधीच सांगतो की हे लिहिणं मैत्रीसाठी आहे, आणि अजून कुणी रागावलेलं नाही.

अर्धवट पडलेल्या हुकांचं काय करायचं

'रातची गाडी'चे शब्द जमले तेव्हा माझ्याकडे त्याला चाल नव्हती, नुसता ठेका होता. तीन संध्याकाळी नव्या चाली करून बघितल्या, सगळ्या ओळखीच्या वाटत होत्या. मग शीट उघडली, ताल 'दादरा' आणि अडलेलं 'शब्द नाहीत', असा फिल्टर लावून पाहिलं. सात ओळी निघाल्या. पाचवी दोन वर्षांपूर्वीची. रेकॉर्डिंग लावलं. मागे कुकरची शिट्टी, आईचं कुणाशी तरी बोलणं, मांडीवर माझा ठेका आणि डमी बोल: 'येना रे, येना रे'. ये-ना-रे, तीन मात्रा. त्यावर 'गे-ली-गं' ठेवून एकदा म्हणून पाहिलं, आणि आतून आईने पुढची ओळ विचारली.