टी-१ वरून टी-२: मेंदूचा कृत्रिम एमआरआय कसा तयार करावा

एमआरआयमध्ये एकाच मेंदूच्या टी-१ आणि टी-२ अशा दोन वेगळ्या सेटिंगच्या प्रतिमा निघतात. टी-१ प्रतिमा हातात आहे, टी-२ नाही, आणि ती मॉडेलकडून काढून घ्यायची आहे. नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी एवढं धरून चालावं की निम्म्याहून जास्त वेळ मॉडेलला नाही, डेटा जुळवायला लागतो.

सुरुवात आयएक्सआय या खुल्या डेटासेटने करा. त्यात लंडनमधल्या ३ हॉस्पिटलांत घेतलेले सुमारे ६०० निरोगी व्यक्तींचे स्कॅन आहेत. हॉस्पिटलचं नाव फाइलच्या नावातच असतं. २ हॉस्पिटलांवर मॉडेल शिकवा, तिसरं फक्त चाचणीला ठेवा. उद्या नाशिकच्या मशीनवरचा स्कॅन आला तर काय होईल, याचा अंदाज तिथेच येतो.

एकाच माणसाचे टी-१ आणि टी-२ आयएक्सआयमध्ये एकमेकांवर बसवलेले नसतात. आधी एन-४ या पद्धतीने उजेडातला चढउतार काढा, मग अँट्स या सॉफ्टवेअरने रिजिड रजिस्ट्रेशन करा, म्हणजे एक स्कॅन आकार न बदलता दुसऱ्यावर बसवा. डोकं तेच आहे, त्यामुळे फक्त सरकवणं आणि फिरवणं पुरतं, ताणायचं नाही. जुळणी म्युच्युअल इन्फर्मेशनवर (एका चित्रावरून दुसऱ्याबद्दल किती कळतं, याचं माप) ठेवा, कारण मेंदूतलं पाणी टी-१ मध्ये काळं आणि टी-२ मध्ये पांढरं दिसतं. नंतर टी-१ च्या कडा टी-२ वर टाकून व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या) कोपऱ्यांत आणि बाहेरच्या घड्यांत डोळ्यांनी तपासा. इथे २ मिलिमीटरची चूक राहिली, तर कड नेमकी कुठे हे मॉडेलला कळत नाही. ते मधलाच करडा रंग भरतं आणि घड्या बुजतात. अशा वेळी इपॉक (सगळ्या डेटावरच्या शिकण्याच्या फेऱ्या) वाढवून काहीही सुधारत नाही.

चित्रातली कवटी एचडी-बेट किंवा सिंथस्ट्रिप या टूलने काढा. सीटीसारखं एमआरआयच्या आकड्यांना ठरावीक एकक नसतं, म्हणून प्रत्येक स्कॅनमध्ये मेंदूच्या आतला ९९.५ वा पर्सेंटाइल (ज्याच्याखाली ९९.५ टक्के आकडे येतात ती किंमत) १ धरा. ट्रेनिंग आणि चाचणी अशी वाटणी माणसानुसार करा, स्लाइसनुसार नाही. एकाच डोक्याच्या स्लाइस दोन्हीकडे गेल्या की गुण फुगतात.

इनपुटला लागोपाठच्या ३ अ‍ॅक्सियल (आडव्या) स्लाइस द्या, आउटपुटला मधली घ्या. एकेकच स्लाइस दिली तर बाजूने पाहताना पट्टे दिसतात. आधी साधं यू-नेट (चित्रावरून चित्र काढणारं न्यूरल नेटवर्क) आणि एल-१ लॉस (पिक्सेलांमधला सरासरी फरक) एवढंच चालवा. चित्र धूसर पण जागच्या जागी आलं, तरच पॅचगॅन (चित्राचे तुकडे खरे की बनावट हे ओळखणारं दुसरं नेटवर्क) जोडा: २०१७ च्या पिक्स-टू-पिक्स या पेपरप्रमाणे एल-१ चं वजन १००, अ‍ॅडम या ऑप्टिमायझरचा लर्निंग रेट ०.०००२, बीटा-१ ०.५. फुकटच्या कोलॅबवर सेशन मध्येच तुटतं. दर इपॉकला ऑप्टिमायझरसकट चेकपॉइंट ड्राइव्हवर ठेवा.

टी-१ आणि टी-२ च्या जोड्या हाताशी असताना सायकलगॅनकडे (जोड्यांशिवाय शिकणाऱ्या मॉडेलकडे) जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या डेटात रुग्णांचं प्रमाण वेगळं असेल, तर ते नसलेली गाठ काढतं किंवा असलेली पुसतं; हे २०१८ मध्येच दाखवलं गेलंय.

एसएसआयएम आणि पीएसएनआर (खऱ्या चित्राशी किती जुळतं ते सांगणारे आकडे) फक्त मेंदूच्या मास्कच्या आत मोजा, कारण काळी पार्श्वभूमी आकडा वर नेते. खरी परीक्षा पुढे आहे. निरोगी मेंदूंवर शिकलेलं मॉडेल गाठीभोवतीची सूज निरोगी करून टाकू शकतं. म्हणून ब्रॅट्स या मेंदूतल्या गाठींच्या डेटासेटचे गाठ असलेले स्कॅन त्यातून चालवा आणि चूक गाठीच्या मास्कमध्ये वेगळी मोजा. अख्ख्या मेंदूचा सरासरी आकडा उत्तम आणि गाठीत मात्र मोठी चूक, असं सर्रास होतं. गॅडोलिनियम (गाठ उजळवणारं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन) दिल्यावर गाठ कुठे उजळेल, हेही साध्या टी-१ वरून खात्रीने काढता येत नाही.

स्थानिक सेंटरचा डेटा एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय घेऊ नका. डीसीएम-टू-एनआयआयएक्स (मशीनच्या फाइल संशोधनाच्या फॉरमॅटमध्ये बदलणारं टूल) मूळ सेटिंगला फोल्डरचं नाव फाइलला देतं, आणि सीडीवरच्या फोल्डरला अनेकदा पेशंटचंच नाव असतं; ते आधी बदला. बारीक स्लाइसच्या टी-१ वरून चेहराही उभा करता येतो, म्हणून कवटी काढलेलीच प्रत कॉलेजच्या मशीनवर न्या. रोजच्या तपासणीतल्या स्लाइस बहुधा ५ मिलिमीटर जाड असतात, आयएक्सआयच्या सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ट्रेनिंगमध्येच काही स्कॅन मुद्दाम तेवढे जाड करून द्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्लाइसवर ‘कृत्रिम’ हा शब्द पिक्सेलमध्येच छापा. फाइलचं नाव कोणीही बदलतं.