शिन-यीच्या कळ्यांचा काढा कसा करावा

सायनसच्या चिवट दुखण्याला चिनी वैद्यकात ‘बी-युआन’, म्हणजे नाकातला डोह, असे नाव आहे आणि त्यावरचे नेहमीचे औषध म्हणजे ‘शिन-यी’, मॅग्नोलिया या फुलझाडाची न उमललेली वाळवलेली कळी. ही कळी चिनी लिखाणाच्या कुंचल्याच्या टोकासारखी दिसते. चुरडल्यावर उग्र सुगंध येईल अशी, घट्ट मिटलेली कळी घ्यावी.

चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातील वैद्य येन योंगह यांनी १२५३ साली नोंदवलेल्या चूर्णात शिन-यीबरोबर बाय-झी हे सुगंधी मूळ, चिनी पुदिना आणि त्सांग-अर-त्झ ही काटेरी फळे आहेत; ते चूर्ण पातीचा कांदा घातलेल्या चहाबरोबर घेत. ही काटेरी फळे म्हणजे आपल्याकडे पडीक रानात कपड्यांना चिकटणाऱ्या काट्यांच्याच जातीची. ती विषारी असून यकृताला अपाय करतात. चिनी औषधशाळेत काटे काढून भाजल्यावर ती वापरतात खरी, परंतु घरच्या काढ्यात ती मुळीच घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

एका प्रौढ माणसासाठी दिवसभराला ६ ग्रॅम कळ्या, ६ ग्रॅम बाय-झी आणि ३ ग्रॅम पुदिना पुरतो. कळीवर मऊ रेशमी लव असते आणि ती काढ्यात सुटली की घशात खवखवते. म्हणून कळ्या हलक्या ठेचून स्वच्छ मलमलीच्या पुरचुंडीत घट्ट बांधाव्यात. पुरचुंडी आणि बाय-झी ६०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवून, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात, झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे उकळावे. लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळावे. पुदिन्याचा गंध उडून जातो, म्हणून तो आणि पातीच्या कांद्याचे दोन पांढरे बुंधे शेवटच्या पाच मिनिटांतच घालावेत. गाळून, जेवणानंतर दोन वेळा कोमट प्यावे.

चिनी वैद्यांच्या मते हा काढा थंडीवाऱ्याने चोंदलेल्या नाकासाठी आहे. घसा कोरडा पडून अंगात उष्णता जाणवत असेल तर तो घेऊ नये. गर्भवतींनी, लहान मुलांना देताना पालकांनी आणि नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. त्रास दहा दिवसांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांकडे जावे; आणि तीव्र ताप आला, डोळ्याभोवती सूज आली किंवा मान आखडली, तर काढ्यात वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.