लग्नसराईआधीचा ट्रंपेटचा रियाज: काय काय लागेल

दसऱ्याला सुरुवात केली तर तुळशीच्या लग्नापर्यंत महिना मिळतो, तेवढा पुरतो. ट्रंपेट, तेल, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) हे सांगायला नको. घड्याळ मात्र समोर ठेवा, कारण थांबायचं कधी हे त्यावरच बघायचंय. जितकी मिनिटं फुंकलं तितकी मिनिटं ट्रंपेट मांडीवर. मागच्या मोसमात नेमकं हेच राहिलं आणि वरचा ओठ सुजला.

चहा-बिस्किटानंतर चूळ भरा, नाहीतर साखर नळीत जाऊन चिकटा बसतो. प्रत्येक व्हॉल्व्हला (बोटाने दाबायच्या कळीला) दोन-तीन थेंब तेल बास. परत बसवताना व्हॉल्व्हवरचे आकडे बघा. १ च्या जागी ३ गेला की हवा अडते आणि आपण ओठांना दोष देत बसतो.

आधी पाच मिनिटं नुसता माउथपीस, गाल न फुगवता. थांबा. मग लांब स्वर. ट्रंपेटचा मोकळा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता निघणारा, खालचा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच. त्याच्या वरच्या पंचमापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरा, आकडे दाबायच्या व्हॉल्व्हचे: मोकळा, २, १, १-२, २-३, १-३, १-२-३. पोचाल कोमल रिषभावर. शेवटचे दोन चढे लागतात, तेव्हा तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) बाहेर सरकवा. मेट्रोनोम ६० वर, स्वर आठ मात्रा, पुढच्या आठ मात्रा ओठ मोकळे. मोकळे म्हणजे माउथपीस ओठावरून काढून! टेकवून ठेवून दम खाल्ला तर ती विश्रांती नव्हे. दाबाखाली ओठात रक्त फिरत नाही, कंप मरतो, नुसती हवा जाते, मग तार सा काढायला माणूस आणखी दाबतो. सूज येते ती अशी.

पुढे ओठांची मींड: व्हॉल्व्हला हात न लावता, मध्ये जीभ न मारता सा-प-सां आणि परत. सहज आलं तरच वरचा गं. इथे हाव सुटते. पाच मिनिटं वाजवा, पाच मिनिटं थांबा. हो, पुन्हा तेच सांगतोय.

जिभेने स्वर तोडायच्या सरावासाठी तू-तू, नंतर तू-कू, मेट्रोनोम ८० पासून. मग अलंकार, मग गाणी. तार सप्तकातली गाणी एक दिवसाआड.

शेवटी दोन मिनिटं खालचे स्वर, हळू. पाणी काढा, पुसा, ठेवा. ओठ जड वाटला तर उद्या फक्त लांब स्वर.