जांभळाचं स्क्वॅश: फळ येण्याआधीची तयारी

मुरबाड-शहापूरच्या बचत गटासोबत जांभळाचं स्क्वॅश बसवायचं असेल तर तयारी एप्रिलमध्येच उरकावी. जांभूळ मेअखेरीस हाती येतं आणि पावसाने जोर धरला की गळून चिखलात जातं. तेव्हा बाटल्या शोधत बसलात तर हंगाम गेला. पहिल्या वर्षी एकच पेय घ्या. करवंद, कोकम, पन्हं पुढे बघू.

भांडी स्टीलचीच हवीत. लोखंडी कढईत रस काळपट पडतो, तो रंग परत येत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, थर्मामीटर, आंबटपणा मोजायला पीएच मीटर आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेची टक्केवारी, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणून ठेवा. गरम थेंबाचं ब्रिक्स कमी दिसतं आणि साखर जास्त पडते, म्हणून नमुना वाटीत गार करूनच बघा.

प्रमाण भिंतीवर लावा, फुलपात्राचं माप बंद. 10 किलो स्क्वॅशला 3 किलो गर (त्यासाठी 5-6 किलो फळ धरा), 4.2 किलो साखर, 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, 2.7 किलो पाणी. नियमाने स्क्वॅशमध्ये फळ किमान 25 टक्के आणि ब्रिक्स किमान 40 लागतं. इथे ते 45 च्या आसपास येतं. बिया मिक्सरमध्ये फिरवू नका, तुरटपणा उतरतो. फळ 70 अंशांपर्यंत तापवून चाळणीवर हाताने चोळलं की सालीचा रंगही गरात येतो.

खरी गडबड टिकवणाऱ्या पावडरीत होते. आंब्याला चालणारं केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) इथे नको, ते जांभळा रंग उडवतं. सोडियम बेन्झोएट 6 ग्रॅम, वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, ढवळत ढवळत शेवटी घाला. सायट्रिकच्या घट्ट पाण्यात थेट टाकलंत तर पांढरे कण तरंगतात, गिऱ्हाईक त्याला बुरशी म्हणतं. पीएच 4 च्या खाली आहे ना, ते बघा. वर असेल तर बेन्झोएट नीट काम करत नाही.

बाटल्या आधी तापवून घ्या, गार काचेत 85 अंशांचा रस ओतला की तडा जातो. वर दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा.

अन्न परवान्याची नोंदणीही आत्ताच करा, कारण तो 14 आकडी क्रमांक लेबलवर लागतो. त्यासोबत बॅच, तारीख, निव्वळ माप, घटक, किंमत, हिरवा ठिपका. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या ठाण्याला विक्रीसाठी न पाठवता गटाकडेच, फ्रिजबाहेर ठेवा. झाकण फुगलं किंवा बुडबुडे दिसले तर त्या बॅचचा सगळा माल दुकानातून परत बोलवा.