अर्पणाचे पैसे शनिवारीच, आणि सुट्टे

रविवारी चर्चच्या दारात आई पर्समधून दहाची नोट काढते, मुलाच्या हातात देते, मूल ती थैलीत टाकतं. दान आईचं, मूल नुसतं पोस्टमन! आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आता असं करतो:

१. खाऊचे पैसे शनिवारी संध्याकाळी द्यायचे, तेही सुट्टे. पन्नास रुपये असतील तर दहाची चार नाणी आणि पाचची दोन. अख्खी पन्नासची नोट दिली की दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, निघतच नाही, सगळी गोम इथेच आहे.

२. लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या: अर्पण, साठवण, खर्च. मातीचा गल्ला नको, आत किती जमलं ते दिसत नाही.

३. पाचचं एक नाणं आधी अर्पणात. बाकीचं कुठे किती टाकायचं ते मुलाने ठरवायचं. रविवारी निघताना बरणीतून पैसे त्यानेच काढायचे.

४. नाताळात काका-मावशीने दिलेल्या पैशांचीही त्याच दिवशी वाटणी.

साठवणीत पाचशे झाले की पोस्टात बचत खातं उघडता येतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ते स्वतःच्या नावावर चालवताही येतं.

एक मात्र सांभाळा. खर्चाची बरणी मंगळवारीच रिकामी झाली तरी आपण भर घालायची नाही. आजीला हे आधीच सांगून ठेवा, गळती बहुतेक तिथूनच होते.