बडबडगीतांचं पुस्तक घेताना काय बघायचं

आधी दुकानातच एक गाणं मोठ्याने म्हणून बघा, लाजू नका. ताल अडखळला, यमकासाठी कुठलाही शब्द कोंबलाय असं वाटलं की सरळ खाली ठेवा, कारण रोज रात्री ते तुम्हालाच वीसदा म्हणायचंय!

मग चित्रं. गाण्यात चिऊ दाणा टिपतेय आणि चित्रात नुसता नेटवरून उचललेला रंगीत पोपट, असली पुस्तकं ढिगाने मिळतात, मुलं बरोब्बर पकडतात हो, "चिऊ कुठंय?" विचारतात. एका पानावर एकच गाणं, मोठी अक्षरं, आणि बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी, म्हणजे मांजराची शेपटी, आजीचा चष्मा वगैरे.

वर्ष-दीड वर्षाच्या पोरांना जाड पुठ्ठ्याचं बोर्ड बुकच घ्या, कोपरे गोल हवेत, पातळ पानं फाडतात नाहीतर खातात. स्टेपलच्या पिना वर आलेल्या नाहीत ना ते हात फिरवून बघा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पहिल्याच पानावर दिसल्या तर पुढे जाऊच नका.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मुलांची मराठी पुस्तकं चाळून बघा. आणि ऑनलाइन मागवताना आतली पानं दाखवत नसतील तर मी तरी घेत नाही.