जुन्या गाडीवरचे डाग: कंपाऊंड हातात घ्यायच्या आधी एवढं बघा

पावसाळा संपला की आमच्या बेळगावात जो तो गाडी धुवायला काढतोय आणि मग विचारणं सुरू होतं, बॉनेटवर ठिपके पडलेत काय लावू. निम्म्या लोकांनी तर विचारायच्या आधीच रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट, घासलेलं असतं. ते करू नका ओ. गाडीचा रंग म्हणजे प्रायमरसकट (पत्र्यावरचा, रंगाखालचा थर) सगळे थर धरून साधारण केसाएवढा जाड, घासलं की दरवेळी त्यातला थोडा जातोय आणि गेलेला परत येत नाही. आमच्या बाबांच्या १९९८ च्या मारुती ८०० ला एके ठिकाणी मशीननं कंपाऊंड मारून दिलं, घरी आणून बघतोय तर बॉनेटच्या धारेवर रंग उडून खालचा प्रायमर दिसालाय. आणि डाग तिथंच, कारण तो घासून जाणारा डाग नव्हताच, खालनं आलेला गंज होता.

म्हणून पहिलं ओळखायचं काय तर डाग रंगाच्या वर बसलाय, रंगात शिरलाय का पत्र्यातनं वर आलाय.

गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या, कार शाम्पूनं धुवून कोरडी करा. आता हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून डागावरनं बोटं फिरवा, नुसत्या हाताला लागत नाही ते पिशवीतनं लगेच लागतंय. खरखरीत लागलं तर काहीतरी वर चिकटलंय. गुळगुळीत लागतंय पण डाग दिसतोय, किंवा नखाला बारीक खळगा लागतोय, तर तो रंगात शिरलाय. आणि फुगवटा लागला, दाबल्यावर कचकन आत गेला, तर गंज. आणखी एक बघा, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा, फडक्याला गाडीचाच रंग लागला तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्या अशाच असतात, तिथं हात अजून हलका ठेवायचा. मेटॅलिक, म्हणजे चमकीच्या रंगाच्या गाडीवर बहुतेक क्लिअर असतंयच, ते सोलून पांढरे पापुद्रे निघालेत तर पॉलिशनं काही होत नाही, तो पार्ट रंगवूनच घ्यावा लागतो.

आता आमच्या भागातले डाग. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, कामाला असणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके असतात, लोकांना वाटतंय गाडी गंजाली. ती फाउंड्रीतली, ग्राइंडिंगची लोखंडी पूड असते, रंगावर बसून तीच गंजते, पत्रा चांगलाच असतो. रेल्वेलाईनजवळ गाडी लावणाऱ्यांनाही हेच होतंय. आयर्न रिमूव्हर (लोखंडी पूड विरघळवणारं लिक्विड) मारा, पूड असली तर जांभळा ओघळ येतोय, बाटलीवर लिहिलेल्या वेळेतच धुवून टाका, वाळू देऊ नका. राहिलेले ठिपके क्ले बारनं (रंगावर चिकटलेलं ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) काढा, पण भरपूर शाम्पूचं पाणी मारत, क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्या, त्यातला एक खडा अख्ख्या दारावर चरे पाडतोय.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग म्हणजे क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडकं भिजवा, डागावर एक मिनिट ठेवा, धुवा, गरज पडली तर परत एकदा. तरी गोल राहिला तर क्षारानं रंग खाल्लाय, मग हातानं बारीक पॉलिश करा, त्यानं नाहीच झालं तर आणि तरच कंपाऊंड. धारेवर आणि कंगोऱ्यावर कंपाऊंड अजिबात नको, रंग सगळ्यात आधी तिथलाच जातोय.

पाखरांची शीट वाळली असली तर खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचलून घ्या. झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सुटतो, डांबर रॉकेलच्या फडक्यानं, पण दोन्ही वेळा लगेच शाम्पूनं धुवायचं. गाडी मागं कधी रंगवून घेतली असेल तर आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून बघा, आणि थिनरच्या वाटेला जाऊच नका, स्वस्तातला रंग त्यानं विरघळून फडक्यावर येतोय. साखर कारखान्याकडच्या लोकांनी सीझनमध्ये गाडीवरची राख कोरड्या फडक्यानं पुसू नये, आधी पाणी मारावं.

गंजाचं जरा नीट सांगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं, जोराच्या पावसाच्या भागात, फिरणाऱ्या गाडीच्या दाराखाली कड बघा. दारात शिरलेलं पाणी बाहेर जायला खाली बारीक भोकं असतात, ती तांबड्या मातीनं बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा आतनं कुजतो, बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं हळू दाबून बघा, टोक आत गेलं तर पत्रा गेला, वेल्डिंगवाल्याकडं न्या, नुसती लांबी (पुट्टी) भरून घेऊ नका, सहा महिन्यात परत फुगेल.

पत्रा घट्ट असला तर घरी जमतंय. पाऊस पूर्ण थांबल्यावरच करा, दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. डागाभोवती टेप लावा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, मग २२० आणि ४०० नं कडा उतरत्या करा. खळग्यात राहिलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर (गंज पुढं वाढू न देणारं केमिकल) लावून बाटलीवर दिलाय तेवढा वेळ थांबा. मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका. रंग मिसळून घ्यायला पेट्रोल टाकीचं झाकण काढून दुकानात न्या, कारण कलर कोडप्रमाणं मिळणारा रंग नव्या गाडीचा असतो, तुमचा उन्हानं उतरलेला. पातळ तीन-चार हात द्या, मध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडा. आठवड्यानं २००० च्या पाणीपेपरनं हलकं घासून पॉलिश करा, वॅक्स मात्र महिनाभर नको.

आणि दाराखालची भोकं झाडूच्या काडीनं मोकळी करून दारात तांब्याभर पाणी ओता, खालनं गढूळ पाणी यायला लागलं की आत माती होती. स्वच्छ येईपर्यंत ओतत राहा, मग दारं उघडी टाकून दिवसभर वाळू द्या.